वीस हजार मेलबॉक्स, २५६ कप्पे

रत्नागिरीतल्या एका शिक्षण संस्थेचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत संस्थेच्या शाळा-कॉलेजं पसरलेली आहेत आणि प्राचार्यांपासून अकरावीच्या मुलांपर्यंत सगळ्यांना संस्थेचा मेल पत्ता आहे. पास होऊन गेलेल्यांची खाती आम्ही काढत नाही. मार्कशीट, दाखला, नोकरीच्या ठिकाणची पडताळणी, यासाठी मुलं चार-चार वर्षांनी तोच पत्ता वापरतात. त्यामुळे दर जूनमध्ये बेरीज होते, वजाबाकी कधीच नाही. खाती वीस हजारांच्या वर गेली आणि ती सगळी एकाच डिरेक्टरीत, एकाखाली एक.

हे बदलायचं मनात बरेच दिवस होतं, पण चालतंय तोवर चालू दे, असं म्हणून पुढे ढकललेलं. शेवटी डिस्कनेच निर्णय घेतला. निकालाच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला दोन ओळींचा मेल गेला आणि दुपारपासून येणारे मेल परत जायला लागले. लॉगमध्ये कारण एकच, ‘डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही’. डीएफ, म्हणजे डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड, मारून बघितलं तर डिस्क तिसरा हिस्सा रिकामी! हा प्रकार ज्यांनी आधी पाहिला आहे त्यांना पुढची कमांड सांगावी लागत नाही. डीएफला आय जोडून चालवलं आणि आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे लागणाऱ्या एका नोंदीचा, रकाना शंभर टक्के भरलेला दिसला.

आमचे मेल मेलडिर पद्धतीने साठवले जातात. डॅनियल बर्नस्टाइनने क्यूमेल या मेल सर्व्हरसाठी आणलेली ही पद्धत. प्रत्येक मेलबॉक्स म्हणजे एक डिरेक्टरी, तिच्यात टेंप (तात्पुरते), न्यू (नवे) आणि कर (इंग्रजी ‘करंट’मधलं, बघून झालेले) या तीन डिरेक्टऱ्या, आणि प्रत्येक मेल म्हणजे एक स्वतंत्र फाइल. आलेला मेल आधी टेंपमध्ये पूर्ण लिहून होतो आणि मग न्यूमध्ये सरकतो, त्यामुळे अर्धवट मेल कुणाला दिसत नाही आणि कुलूप लावायची गरज पडत नाही. एमबॉक्स या जुन्या पद्धतीत सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत असतात आणि लिहिताना वीज गेली की काय होतं, हे आमच्याकडच्या पावसात अनुभवलेला माणूस परत तिकडे जायचा नाही. पण मेलडिरची किंमत असते फाइलींची संख्या. लिनक्सच्या ईएक्सटी घराण्याच्या फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत, आयनोड किती असणार, ते डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. नेहमीच्या सेटिंगने साधारण १६ केबी जागेमागे एक आयनोड. आमचे बहुतेक मेल तीन-चार केबीचे. हिशेब उघड आहे, जागा संपायच्या आधी आयनोड संपणार.

तर नवी डिस्क, त्यावर एक्सएफएस ही वेगळी फाइल सिस्टीम, जी आयनोड लागतील तसे तयार करते. आणि सगळं हलवायचंच आहे, तर मांडणीही आत्ताच बदलून घेऊ, असं ठरलं. मेल हलवणं हे काम कुणी दोनदा करत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण जुन्या मार्गदर्शिका वाचून मीही आधी वेगळ्याच कारणासाठी हॅशच्या, म्हणजे नावावरून गणिताने एक सांकेतिक खूण काढून तिच्याप्रमाणे खाती कप्प्यांत वाटायच्या, मागे लागलो असतो. त्यांत लिहिलेलं असतं की एका डिरेक्टरीत हजारो नोंदी असल्या की नाव शोधायला वेळ लागतो, कारण एक-एक नोंद वाचत जावं लागतं. ईएक्सटी २ च्या काळात ते खरं होतं. पुढे ईएक्सटी ३ मध्येच डिरेक्टरीची अनुक्रमणिका आली, ईएक्सटी ४ मध्ये ती मुळातच चालू असते, आणि एक्सएफएस तर झाडासारखी रचना वापरते. वीस हजारांतून एक नाव शोधणं हे आज ओझं नाही. ईएक्सटी ३ ची दुसरी अडचण मात्र खरी होती. एका डिरेक्टरीत ३१,९९८ पेक्षा जास्त उपडिरेक्टऱ्या बनत नाहीत. आमचा जुना सर्व्हर ईएक्सटी ३ वर होता आणि दर जूनला आम्ही त्या आकड्याकडे सरकत होतो. पण एक्सएफएसवर गेल्यावर तोही प्रश्न सुटणारच होता.

मग हॅश कशाला? बॅकअपसाठी.

बॅकअप आधी चिपळूणच्या शाखेत जायचा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हापासून तो कुडाळला, वरच्या मजल्यावर. रत्नागिरी ते कुडाळ लाइन चांगली आहे, म्हणजे महामार्गाच्या चौपदरीकरणात जेसीबीने केबल उचकटली नाही त्या दिवशी. आरसिंक, म्हणजे फाइलींची दुसरीकडे नक्कल करणारा प्रोग्राम, रात्री सुरू व्हायचा, आधी सगळ्या झाडाची यादी काढायचा, आणि लाखो फाइलींची यादी म्हणजे तासन्‌तास. जून ते सप्टेंबर आमच्याकडे रात्री लाइट जाणं ही बातमी नसते. सर्व्हर यूपीएसवर तग धरतो, पण वाटेतलं कुणाचं तरी स्विच बंद पडतं, लाइन तुटते, आणि सकाळी बघावं तर आरसिंक मध्येच मेलेला. दुसऱ्या रात्री पुन्हा पहिल्यापासून यादी. पावसाळ्यात आठवडाभर एकही बॅकअप पूर्ण झाला नाही असं व्हायचं. मला हवे होते साधारण सारख्या आकाराचे तुकडे, जे एक-एक करून पूर्ण होतील आणि पूर्ण झाला त्यावर खूण करता येईल.

तुकडे पाडायचे कसे, यावर आधी सरळ उपाय मनात येतो तो पहिल्या अक्षराचा. सायरस आयमॅप या मेल सर्व्हरमध्ये अशीच सोय आहे, खात्याच्या नावाच्या पहिल्या अक्षराची डिरेक्टरी. आमच्याकडे करून बघितलं, कागदावरच. कर्मचाऱ्यांमध्ये ‘एस’ची रांग बघून हसू आलं. संतोष, सचिन, संदीप, सुनील, सुप्रिया, स्नेहल, सगळे एकाच खोलीत, आणि ‘क्यू’ आणि ‘एक्स’ ओस. विद्यार्थ्यांचं तर आणखी वाईट. त्यांचं खातं म्हणजे प्रवेशाचं वर्ष आणि पुढे क्रमांक. पहिलं अक्षर सगळ्यांचं दोन, दुसरं शून्य. पहिल्या दोन अक्षरांनी वाटणी केली तर सगळे विद्यार्थी ‘२०’ नावाच्या एकाच डिरेक्टरीत, म्हणजे होतं तिथेच.

उलट बाजूने बघितलं तर मजा आहे. क्रमांकाचे शेवटचे दोन अंक घेतले तर शंभर कप्पे आणि वाटणी जवळपास अचूक, कारण क्रमांक ओळीने दिलेले असतात. हॅशची गरजच नाही! विद्यार्थीच असते तर मी हेच केलं असतं आणि आजही मला तो सगळ्यात सुटसुटीत उपाय वाटतो. पण शिक्षक आणि ऑफिसच्या खात्यांना शेवटी अंक नाहीत आणि दोन प्रकारांसाठी दोन नियम ठेवणं म्हणजे पुढच्या माणसाला शिव्या द्यायला निमित्त देणं.

म्हणून एमडी५. रोनाल्ड रिव्हेस्टने १९९१ मध्ये तयार केलेला हा अल्गोरिदम कुठलाही मजकूर घेतो आणि त्यातून ३२ हेक्स अक्षरं (० ते ९ आणि ए ते एफ यांतली) काढतो. त्यातली पहिली दोन घेतली की ०० ते एफएफ असे २५६ कप्पे. जवळजवळ सारखी नावंसुद्धा कुठल्या कुठे फेकली जातात. संस्थेच्या संगणक समितीतल्या एका सरांनी आक्षेप घेतला, ‘एमडी५ तर असुरक्षित आहे ना?’ आहेच. एकच हॅश देणारे दोन वेगळे मजकूर बनवता येतात हे २००४ मध्येच दाखवून झालंय. पण आम्ही इथे कुलूप बनवत नव्हतो, खाती वाटत होतो. दोन खाती एका कप्प्यात आली तर येऊ देत, आत खात्याचं पूर्ण नाव असतंच.

किती पातळ्या ठेवायच्या यावर लोकांना उगीच हौस असते. दोन पातळ्या, म्हणजे दोन अक्षरं, मग पुन्हा दोन, असं केलं तर ६५,५३६ डिरेक्टऱ्या होतात. आमची खातीच वीस हजार. बहुतेक डिरेक्टऱ्या रिकाम्या राहणार आणि बॅकअपला त्या रिकाम्या खोल्याही फिरून बघाव्या लागणार. ईएक्सटी ४ वर प्रत्येक डिरेक्टरी किमान ४ केबी खाते, म्हणजे एक मेल यायच्या आधीच २५६ एमबी गेले. एका पातळीवर वीस हजार भागिले २५६, सरासरी ७८ खाती. प्रत्यक्षात वाटलं तेव्हा भरलेल्यात भरलेला कप्पा शंभराच्या आसपास आणि हलक्यात हलका पन्नाशीच्या वर. एवढी असमानता हॅशमध्ये असणारच. प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट आपल्या ऑब्जेक्ट्ससाठी हेच करतं, हॅशची पहिली दोन अक्षरं आणि २५६ डिरेक्टऱ्या. मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्सही अडकलेल्या मेलची रांग मुळातच एका पातळीवर वाटून ठेवतो. त्यांना पुरतं ते आम्हाला पुरेल.

आता एक बारीकशी जागा, जिथे तासभर सहज जातो. हॅश कशाचा काढायचा, हे अक्षरशः बाइटपर्यंत ठरवून ठेवावं लागतं. ‘हॅलो’ हा शब्द इंग्रजी लहान अक्षरांत घेऊन एमडी५ काढलात तर सुरुवात ‘५डी’ने होते. तोच शब्द टर्मिनलवर इको कमांडने पुढे पाठवलात तर सुरुवात ‘बी१’ने होते, कारण इको शेवटी नवी ओळ जोडतं आणि हॅशला तेही एक अक्षरच. पायथनमधला प्रोग्राम एक कप्पा सांगणार आणि शेलमधली स्क्रिप्ट दुसरा. तसंच कॅपिटल अक्षरांचं. मेल पाठवणारे पत्ता कसाही लिहितात, म्हणून आधी सगळं लहान अक्षरांत करून मग हॅश. आम्ही नियम एका ओळीत लिहून भिंतीवर लावला आहे. लहान अक्षरं, शेवटी नवी ओळ नाही, हॅश फक्त खात्याच्या मूळ नावाचा.

मूळ नावाचा का, पत्त्याचा का नाही? कारण पत्ते बदलतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मॅडम मेलचा पत्ता बदलून मागतात आणि आम्ही देतो. हॅश पत्त्यावर असेल तर पत्ता बदलला की कप्पा बदलला, म्हणजे पुन्हा मेल हलवा. खात्याचं मूळ नाव आयुष्यभर तेच.

डोव्हकॉटमध्ये, म्हणजे लोकांना लॉगिन देऊन त्यांचे मेल दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, हॅशसाठी तयार सोय आहे, सेटिंगमध्येच लिहून ठेवायची आणि तो दरवेळी पाथ (मेलबॉक्सची डिस्कवरची जागा) स्वतः काढतो. त्यासाठीचं जुनं चल (व्हेरिएबल) म्हणजे टक्का एच. त्याच्याबद्दल डोव्हकॉटच्याच माहितीत इशारा आहे की सगळ्या नावांचा शेवट सारखा असेल तर वाटणी बिघडते, आणि मेल पत्त्यांचा शेवट सारखा असणारच. म्हणून पुढे २.२.३ आवृत्तीत एमडी५ वर चालणारं टक्का एन आलं. मी यातलं काहीच वापरलं नाही. आमची खाती डेटाबेसच्या टेबलात आहेत, तिथे मी ‘घर’ नावाचा एक रकाना जोडला. खातं तयार होताना एकदाच हॅश काढायचा, पाथ त्या रकान्यात लिहायचा, आणि त्यानंतर डोव्हकॉट असो, मेल पोचवणारा एजंट असो की बॅकअप, सगळ्यांनी रकाना वाचायचा. हॅशचा नियम फक्त खातं उघडणाऱ्या स्क्रिप्टला ठाऊक. या सगळ्या खटाटोपात मला स्वतःला जमलेली गोष्ट कुठली म्हणाल, तर हीच. पाथ मोजून काढायचा असता तर सेटिंग बदलल्या क्षणी वीस हजार मेलबॉक्स एकदम नव्या जागी असायला हवे होते. रकान्यात लिहिलेला असल्यामुळे एक-एक मेलबॉक्स सावकाश हलवता आला.

यावर सगळ्यात नाराज आमचे मालवणचे ज्येष्ठ सहकारी. माझ्याआधी हा सर्व्हर त्यांच्याकडे होता. कुणाचा फोन आला की ते थेट डिरेक्टरीत जायचे, नाव दिसायचं, आत बघायचे. आता नावाऐवजी ‘३सी’, ‘ए९’. ते म्हणाले, ‘अरे, वाडीचा नाव सांगलास तर घर गावता. तू सगळ्यांका गट नंबर दिलंस. आता कोण खंय रवता, ता माका कळतला कसा? तलाठ्याकडे जाव?’ त्यांचं बरोबर होतं आणि हॅशची खरी किंमत तीच आहे. मी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली, पत्ता द्यायचा आणि ती टेबलातून पाथ सांगते. कमांडचं नाव त्यांच्या सोयीने ‘खंय’ ठेवलं. त्यांनी चालवून बघितली, एकदा मान हलवली, आणि आता ऑफिसात तीच सगळ्यात जास्त वापरली जाते.

हलवायला सुरुवात श्रावणात केली. आधी पास होऊन गेलेल्यांची खाती, ज्यांत मेल क्वचित येतो. मग चालू विद्यार्थी, मग शिक्षक. ऑफिसची मोठी खाती शेवटी, गणपतीच्या सुट्टीत, कारण तेव्हा ऑफिसात चिटपाखरू नसतं. व्यवस्थापनाचं म्हणणं होतं की सगळं एकदमच गणपतीत करा. मी म्हटलं, गणपतीत मी गावी आरतीला असणार, सर्व्हर रूममध्ये नाही. खातं-खातं हलवायची पद्धत मला पटली त्यामागे हेही कारण होतं, उगाच लपवत नाही.

एका खात्याचं काम असं चालायचं. पहिली फेरी खातं चालू असतानाच, आरसिंकने सगळं नव्या डिस्कवर. फाइलींच्या वेळा जशाच्या तशा राहायला हव्यात, कारण मेलडिरमध्ये मेल कधी आला ती वेळ फाइलीच्या वेळेवरूनच घेतली जाते. त्या विसरलात तर प्राचार्यांच्या इनबॉक्समध्ये दहा वर्षांचे मेल आज आलेले दिसतील. मग टेबलात खात्यावर ‘हलतंय’ अशी खूण. ती खूण असेतोवर पोस्टफिक्स त्या पत्त्याचे मेल तात्पुरते थांबवून रांगेत ठेवतो आणि डोव्हकॉट लॉगिन देत नाही. आधीच लॉगिन करून बसलेल्याला डोव्हकॉटच्याच डोव्हएडीएम कमांडच्या किकने बाहेर काढायचं. मग दुसरी फेरी, आणि या फेरीत डिलीट हा पर्याय लागतोच. कारण मेल वाचला की त्याची फाइल न्यूमधून करमध्ये जाते आणि नावाच्या शेवटी कोलन, दोन, स्वल्पविराम आणि एस लागतं. दोन फेऱ्यांच्या मध्ये कुणी मेल वाचला असेल तर नव्या जागी त्याच्या दोन प्रती होतात, एक न वाचलेली, एक वाचलेली. डिलीट दिला की जुनी जाते. शेवटी घराचा रकाना बदलायचा, डोव्हकॉटची ऑथ कॅशे (खात्यांची त्याने लक्षात ठेवलेली माहिती) रिकामी करायची, नाहीतर तो काही वेळ जुनाच पाथ सांगत राहतो, आणि खूण काढायची. दुसरी फेरी बहुतेक खात्यांना काही सेकंदांची. कुणाला कळलंही नाही.

डोव्हकॉटची यूआयडी यादी (कुठल्या मेलला कुठला क्रमांक दिला ती) सोबत आली की नाही, हे प्रत्येक कप्प्यामागे दोन-तीन खाती उघडून तपासत होतो. ती हरवली तर प्रत्येकाचा फोन सगळे मेल नवे समजून पुन्हा उतरवून घेतो. गुहागरच्या एखाद्या वाडीत, जिथे रेंजसाठी गच्चीवर जावं लागतं, तिथल्या शिक्षकाला ते परवडणारं नाही.

वेळ हलवण्यात गेलाच नाही. गेला तो जुना पाथ कुणाकुणाला ठाऊक आहे हे शोधण्यात. क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), जुन्या स्क्रिप्टा, सगळीकडे ग्रेप मारून तो पाथ शोधला. स्पॅम शिकवणारी एक, कोट्याचा मासिक अहवाल काढणारी एक, प्रवेश विभागाची खाती उघडणारी एक, आणि ट्रॅशमधले ३० दिवसांपूर्वीचे मेल पुसणारी एक, जी कुणी लिहिली ते आजही कुणाला आठवत नाही. मालवणकर काकांचं मत होतं की जुन्या जागी सिमलिंक, म्हणजे नव्या जागेकडे नेणारी खूण, ठेव, कुणाचं अडणार नाही. मी ठेवली नाही. सिमलिंक असली की सगळं चालतं आणि जुना पाथ अजून कोण वापरतंय ते कधीच कळत नाही. जुन्या डिरेक्टरीचं नाव बदलून टाकलं. जिला ती हवी होती ती स्क्रिप्ट त्याच रात्री मोठ्याने ओरडली.

बॅकअप आता २५६ तुकड्यांत जातो, एका वेळी चार. प्रत्येक तुकडा संपला की त्याच्या नावाने एक खूणफाइल बनते. रात्री लाइन तुटली तरी सकाळी उरलेले तुकडे पुढे चालू होतात. मागच्या पावसात अशी एकही रात्र गेली नाही की सगळं पहिल्यापासून करावं लागलं. उद्या दुसरी डिस्क घेतली तर ०० ते ७एफ एकीकडे आणि ८० ते एफएफ दुसरीकडे, इतकं ते सोपं झालंय.

हॅशने एक गोष्ट मात्र तसूभरही हलली नाही. प्रवेश विभागाचं खातं. खाती २५६ कप्प्यांत वाटली तरी एका खात्याच्या आत काय आहे त्याला हॅश हात लावत नाही. त्या खात्याच्या करमध्ये लाखांवर फाइली आहेत, सगळ्या इनबॉक्समध्येच, आणि ज्या कप्प्यात ते खातं आहे तो एकटाच रात्री सगळ्यात शेवटी संपतो. वर्षवार फोल्डर करून जुने मेल तिकडे न्यावेत असं मी तिथल्या मॅडमना सुचवलं. त्या म्हणाल्या, ‘नको हो, मला सगळं समोर दिसायला हवं. गेल्या वर्षीच्या मुलाचा फोन आला तर मी कुठल्या फोल्डरात शोधत बसू?’ तो कप्पा आता मी रांगेत सगळ्यांच्या आधी लावतो, बाकीचे २५५ त्याच्या मागून.